परतवाड्यातील गॅरेजमध्ये घरगाडीचे पुढचे ब्रेक

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची घरगाडी चिखलदऱ्याचा घाट उतरताना डावीकडे ओढू लागली आणि ब्रेकचे पायडल मऊ पडले, म्हणून परतवाड्यातील एका लहानशा गॅरेजमध्ये ती नेली. चाक काढताच कारण दिसले: उजव्या कॅलिपरची (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर, म्हणजे चकतीवर, दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारा भाग) सरकपिन, म्हणजे ज्यावर तो सरकतो ती पिन, गंजून अडकल्यामुळे आतला पॅड लोखंडापर्यंत झिजला होता, तर बाहेरचा जवळजवळ कोरा होता. मिस्त्रींनी केवळ पॅड बदलून पैसे घेतले नाहीत, हे मला विशेष वाटले. त्यांनी दोन्ही बाजूंच्या पिना व सील बदलले आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी माप ताडून दोन्ही डिस्क नव्या बसवायला लावल्या.

सुधारणा म्हणून फुगलेले रबरी पाइप काढून नवे टाकले आणि डॉट ३ ऐवजी डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल भरले. ब्रेक तापून ऑइल उकळले की पायडल मऊ पडते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ किमान २३० अंशांना. शिवाय ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, त्यामुळे पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या वाहणाऱ्या गाडीला घाटात हा फरक जाणवतो.

तक्रार एकच: पॅड अमरावतीहून यायचे असल्याने दोन दिवस मोडले आणि बिलावर सुट्या भागांचे क्रमांक नव्हते. तरीही त्याच घाटात गाडी आता सरळ थांबते. पुढच्या वर्षी ऑइल बदलायला तिथेच जाईन.