उबुंटू २२.०४, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, कर्नल अपडेट सोडून

मालवणातल्या होमस्टेचं काउंटर, ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू ही लिनक्स सिस्टीम. बिलं, पावत्या, प्रिंटर बिनबोभाट चालतात. डोकेदुखी एकच: कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट झाल्यावर मशीन उठत नाही.

यात नव्या कर्नलचा दोष क्वचितच असतो. कर्नल बसताना /बूट या फोल्डरमध्ये इनिटआरडी नावाची, मशीन सुरू होताना डिस्क उघडायला लागणारी फाइल तिथल्या तिथे बांधली जाते, साधारण ७० ते १०० एमबीची. सुरक्षा अपडेट्स मागच्या मागे आपोआप बसतात, त्यामुळे हे काम चालू आहे याचा पत्ताच नसतो. आणि जून-जुलैत इथली लाइट सांगून जात नाही. फाइल अर्धवट राहते. डिस्कला एन्क्रिप्शन घेतलं असेल तर /बूट हे वेगळं आणि छोटं पार्टिशन (डिस्कचा भाग) असतं. ते भरलं तरी हीच गत.

आधी स्क्रीन बघा. स्क्रीन काळी आणि बीप येत असेल तर कर्नलला हात लावू नका. खाऱ्या हवेनं रॅमचे पिवळे पाय काळवंडतात. काढून खोडरबरानं पुसा. 'इनिट्रॅमएफएस' असा प्रॉम्प्ट आला तर वरच्या ओळीत कुठलं पार्टिशन बिघडलं ते लिहिलेलं असतं. त्यावर 'एफएससीके -वाय' ही दुरुस्तीची कमांड चालवा. 'कर्नल पॅनिक, अनेबल टु माउंट रूट एफएस' दिसलं तरच पुढचं करा.

सुरू करताना शिफ्ट दाबून ठेवा (यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीचं बायोस, असेल तर एस्केप), अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. मशीन उठलं की टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच /बूट' नं जागा बघा. भरलं असेल तर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज', मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. तरीही नव्या कर्नलची इनिटआरडी नीट बनली नाही, तर 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के' आणि पुढे नव्या कर्नलचा पूर्ण नंबर. शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'. हमखास चूक इथेच होते: नंबर 'युनेम -आर' वरून उचलतात. तो आत्ता चालू असलेल्या जुन्या कर्नलचा असतो, म्हणजे धडधाकट फाइलच पुन्हा बांधली जाते आणि मोडकी तशीच राहते. नवा नंबर 'एलएस /बूट' मध्ये बघा.

इनिटआरडी लहान करायला 'मॉड्यूल्स=डेप' (फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर घ्या) लिहितात. फाइल बरीच आटते खरी, पण मदरबोर्ड गेल्यावर तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर उठेलच असं नाही. दुकानाच्या मशीनला मी ते करणार नाही. त्यापेक्षा आपोआप बसणारी अपडेट्स फक्त डाउनलोडवर ठेवा आणि यूपीएसची बॅटरी भरलेली असताना, गिऱ्हाईक नसताना हातानं बसवा.

वायफाय डाँगलचा ड्रायव्हर डीकेएमएसशिवाय (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) टाकला असेल तर तो दर नव्या कर्नलला गायब होतो. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलनं जोडून नेट घ्या.