केदारकंठा की गुलमर्ग? तिकीट काढण्याआधी उतार बघा

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फात जायचं म्हटलं की आपल्याकडच्या ट्रेकिंग ग्रुपांवर दोन नावं हमखास येतात: उत्तराखंडातला केदारकंठा आणि काश्मीरमधलं गुलमर्ग. चर्चा चालते ती खर्चाची, थंडीची आणि फोटोंची. हिमस्खलनाचं कुणी विचारलंच, तर 'तिथे काही होत नाही' असं उत्तर मिळतं. केदारकंठ्याबाबत ते बरंचसं खरं आहे, गुलमर्गच्या वरच्या भागाबाबत अजिबात नाही.

उंचीवरून अंदाज बांधू नका. केदारकंठ्याचा माथा साधारण ३,८०० मीटरवर आहे आणि गुलमर्गचा गोंडोला (दोरावरून जाणारा पाळणा) अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे सोडतो, म्हणजे फरक फारसा नाही. फरक पडतो तो उताराने. बर्फाचे थर तुटून घसरतात ते बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. त्याहून सपाट जागी बर्फ बसून राहतो आणि फार उभ्या जागी साठायच्या आतच ओघळतो.

पायथ्याच्या सांकरी गावाहून निघालेली केदारकंठ्याची वाट बराच वेळ झाडीतून जाते. जुनी, दाट झाडी उभी आहे म्हणजे तिथून मोठी हिमस्खलनं वारंवार जात नाहीत, नाहीतर झाडं टिकली नसती. जपायचं ते शेवटच्या चढाला. झाडी संपते, उतार उघडा होतो आणि नेमकी तीच चढाई सूर्योदय गाठायचा म्हणून अंधारात हेडटॉर्च लावून होते. डोक्यावर वाऱ्याने किती बर्फ आणून टाकलाय, हे त्या उजेडात कळत नाही. आदल्या दिवशी जोराची बर्फवृष्टी झाली असेल तर माथा सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. झाडीतला बर्फही पैसे वसूल करून देतो.

गुलमर्गला तुम्ही पाळण्यातून उतरता आणि काही मिनिटांत थेट धोक्याच्या उताराच्या माथ्यावर उभे असता. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गजवळ लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमस्खलन कोसळून १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू दगावला. स्कीपटू अडकतात तेव्हा बहुतेक वेळा थर त्यांच्या किंवा सोबत्याच्याच वजनाने तुटलेला असतो. फेब्रुवारीत हे घडतं त्यालाही कारण आहे. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो आणि कडाक्याच्या निरभ्र रात्रींत त्याच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. मग पश्चिमी झंझावात येतो आणि त्यावर जड थर रचतो. स्कीची काठी उलटी धरून दांड्याने बर्फ दाबून पाहा: आधी घट्ट लागून एकदम भसकन आत गेली, तर खाली पोकळ थर आहे. पायाखाली 'धप्' असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापुढे भेग धावली, तर आल्या पावली मागे फिरायचं.

गुलमर्गची एक बाजू मात्र उजवी आहे. तिथे गस्ती पथक असतं आणि परिस्थिती वाईट असली की गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवतात. केदारकंठ्यावर असं काही नाही, सगळा भार तुमच्या ट्रेक लीडरवर. चंदिगढची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था काश्मीर आणि उत्तराखंड, दोन्हींसाठी जिल्हावार इशारे देते. पण 'अमुक मीटरच्या वर मध्यम धोका' एवढ्यावरून तुमच्या समोरचा उतार कसा आहे, ते ठरत नाही.

सह्याद्रीत मुरलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे वर चढायला नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली उतरती घळ, शोधतात. बर्फात नाळ टाळायची. वरून आलेला सगळा बर्फ तिथेच येऊन साचतो, म्हणून लहानसं हिमस्खलनही माणसाला खोल पुरतं. तिथे वाट निवडायची ती सोंडेवरून किंवा धारेवरून, आणि धारेच्या कडेला वाऱ्याने बाहेर काढलेल्या बर्फाच्या छज्जापासून चार हात आत.

मग जायचं कुठे? स्की येत नसेल आणि पहिलाच बर्फ असेल तर केदारकंठा. गुलमर्गला जायचंच असेल तर पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीपर्यंत जा, किंवा खालच्या मैदानांवर स्की शिका. स्की उत्तम येत असेल तर वरचं गुलमर्ग घ्या, पण गस्ती पथकाने खुल्या ठेवलेल्या हद्दीत. त्या हद्दीबाहेर स्थानिक गाइड आणि प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (पुरलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं नसेल तर जाऊ नका. ही तिन्ही भाड्याने घेऊन बॅगेत टाकली म्हणजे झालं असं नाही. पुरलेला माणूस जिवंत निघतो तो मुख्यतः पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि तेवढ्या वेळात मदत बाहेरून येत नाही. सोबत्यानेच शोधायचं, खणायचं, म्हणून सराव पहिल्याच दिवशी खाली सपाटीवर करून घ्या.

कुठल्याही आयोजकाला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: बर्फवृष्टी झाली तर राखीव दिवस आहे का, आणि माथा रद्द करायचा निर्णय कोण घेतो? 'आमचा समिट रेकॉर्ड शंभर टक्के आहे' असं उत्तर आलं, तर दुसरा आयोजक बघा.