एकच मोठं शेत की विखुरलेल्या जागा?
इंग्लंडमधल्या खेड्यात नवी घरं कुठे बांधायची, यावर पॅरिश कौन्सिल (तिथली ग्रामपंचायतच म्हणा) गावकऱ्यांचं मत मागवते तेव्हा वाद बहुधा दोन पर्यायांवर येतो: वेशीवरच्या एका शेतात सगळी घरं, की गावात ठिकठिकाणी दोन-चार.

लोकांचा कल विखुरण्याकडे असतो. ऑक्सफर्डशरमधलं टेम (तसं ते छोटं शहरच) पाहा. तिथे 775 घरांपैकी बहुतेक एकाच जागी येणार होती. 2013 साली सार्वमताने मंजूर झालेल्या आराखड्यात रहिवाशांनी ती अनेक जागांत वाटली. पण टेममधल्या जागाही ऐसपैस होत्या. खेड्यातल्या तुकड्यांचं गणित वेगळं. राष्ट्रीय धोरणानुसार दहापेक्षा कमी घरांच्या प्रकल्पात बिल्डरकडून परवडणारी घरं (बाजारभावापेक्षा कमी भाड्याची किंवा किमतीची) सहसा मागता येत नाहीत. ठरावीक ग्रामीण भागांतच ही मर्यादा खाली आणता येते. म्हणजे गावाचं रूप टिकतं आणि गावातलीच तरुण मंडळी भाड्याच्या घरासाठी दुसरीकडे जातात.

मोठ्या शेतावर परवडणारी घरं मागता येतात. रहदारी मात्र एकाच अरुंद रस्त्यावर येते, शेजाऱ्यांचा विरोध तर ठरलेलाच.

तरी मी शेताच्याच बाजूने आहे, बांधकाम टप्प्याटप्प्याने होणार असेल तर.