रोमहून एका दिवसात पोम्पेई आणि अमाल्फी किनारा: आम्हाला कसं फसवलं गेलं

रोमला जाणार असाल आणि कुणी तुम्हाला 'एका दिवसात पोम्पेई आणि अमाल्फी किनारा, एसी बस, गाइडसह' अशी सहल विकत असेल, तर पैसे भरण्याआधी हे सगळं वाचा. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि माझे आई-बाबा, गेल्या ऑक्टोबरमध्ये अशाच सहलीला गेलो होतो. बुकिंग पुण्यातल्या एका एजंटामार्फत केलं, पैसे यूपीआयने भरले. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: पोम्पेईत परवानाधारक गाइडसोबत अडीच तास, मग अमाल्फी किनारा, तिथल्या पोसितानो गावात मोकळा वेळ, जेवण समाविष्ट. पोम्पेईचं प्रवेश तिकीट तेवढं बसमध्ये रोखीने घ्यायचं होतं, माणशी 28 युरो. वर पोसितानोचा फोटो, डोंगराच्या कुशीत रचलेली रंगीत घरं आणि खाली निळा समुद्र.

ही सहल निवडली ती बाबांसाठी. बाबा धाराशिव जिल्ह्यात इतिहासाचे शिक्षक होते. दरवर्षी मुलांना तेरला न्यायचे, रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय दाखवायला. तिथे हस्तिदंताची एक छोटीशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासमोर मुलांना बसवून बाबा सांगायचे की अगदी अशाच घडणीची मूर्ती इटलीत पोम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या राखेखाली सापडली आहे. आणि ते खरं आहे. 1938 साली पोम्पेईच्या उत्खननात एका घरात जेमतेम वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, पुढे ती यक्षी असावी असं अभ्यासक म्हणू लागले. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशाच हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. त्यावरून पोम्पेईची मूर्तीही सातवाहनांच्या काळात आपल्याच मुलखात घडली असावी, असं मत म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी मांडलं. 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तांतात तगर म्हणजे आपलं तेर आणि पैठण ही दोन्ही गावं आहेत. तिथला माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ती मूर्ती त्या घरासकट गाडली गेली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, पण घर पोम्पेईतच आहे आणि त्या मूर्तीच्या नावानेच ओळखलं जातं. ते घर एकदा बाहेरून का होईना बघायचं, एवढीच बाबांची इच्छा होती. एजंटाला मी हे फोनवर सांगितलं होतं. "काळजीच करू नका ताई, गाइडला आधीच सांगून ठेवतो," असं तो म्हणाला.

सकाळी सातला तेर्मिनी स्टेशनजवळून बस निघाली. पन्नासच्या वर माणसं होती, त्यांत आपल्याकडची बरीच. सोबत सहलप्रमुख म्हणून एक तरुण. हायवेला लागताच तो रांगेरांगेने पैसे गोळा करत आला. नवऱ्याने पावती मागितली, तर म्हणाला, तिकीट हीच पावती.

रोम ते पोम्पेई साधारण 240 किलोमीटर, थांबा धरून तीन तास. साडेदहाच्या सुमारास बस थांबली ती पोम्पेईला नाही, अलीकडे तोरे देल ग्रेकोला. हे गाव पोवळ्यांच्या आणि शिंपल्यावरच्या कोरीवकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, आणि त्या कलेबद्दल मला आदरच आहे. लाकडी दांड्याच्या टोकाला डिंकासारख्या काळ्या पदार्थाने शिंपला चिकटवलेला होता. एक वयस्कर कारागीर पातळ छिन्नीने वरचा पांढरा थर खरवडून खालच्या तपकिरी थरावर बाईचा चेहरा उठवत होता. नाकाची रेघ तो ज्या हलक्या हाताने काढत होता, ती बघत राहावीशी वाटत होती. पण ते जेमतेम पाच मिनिटं. मग दार उघडलं आणि आम्ही दुकानात. बाहेर पडायचं दार दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बस कुलूपबंद. सव्वा तास आम्ही तिथे उभे होतो. या थांब्याचा पत्रकात उल्लेखही नव्हता. अशा दुकानांत आणलेल्या गटाच्या खरेदीवर सहलवाल्याला कमिशन मिळतं, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या पोम्पेईच्या वेळातला सव्वा तास इथे विकला गेला.

पोम्पेईच्या दारावर तुफान गर्दी होती. सहलप्रमुख म्हणाला, रविवार आहे, असंच असतं. रविवार होता हे खरं. पण तो महिन्याचा पहिला रविवार होता, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्व स्थळं सगळ्यांना मोफत असतात. पोम्पेईसुद्धा. हे तिथल्या सरकारनेच जाहीर केलेलं आहे, यात गुपित काही नाही. आम्हाला कळलं ते बाबांमुळे. बाबा प्रत्येक ठिकाणचं तिकीट जपून वहीत चिकटवतात. सहलप्रमुख सगळी तिकिटं स्वतःकडेच ठेवत होता, बाबांनी आग्रहाने आमची चार मागून घेतली. आत जाऊन सावलीत बसल्यावर त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि माझ्या हातात दिली. किमतीच्या जागी छापलं होतं 0,00.

चौघांचे 112 युरो. संपूर्ण बसचे किती, याचा हिशेब तुम्हीच करा. तिकीट लागणाऱ्या एरवीच्या दिवशीही सर्वात साधं तिकीट 28 युरोंपेक्षा स्वस्तच असतं. मी सहलप्रमुखाला गाठून विचारलं. आधी म्हणाला, तो आरक्षणाचा खर्च आहे. मग म्हणाला, रांग टाळण्याचा. रांगेत तर आम्ही सगळ्यांसोबत उभे होतो. शेवटी म्हणाला, "कंपनीशी बोला, मी नोकर माणूस आहे."

गाइडचं आणखी वेगळं. हा तरुणच कानाला लावायच्या यंत्रातून माहिती सांगू लागला. फोरम म्हणजे शहराच्या मुख्य चौकात पोचेपर्यंत गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका बाईने त्याला हटकलं. दोघांत इटालियनमध्ये बाचाबाची झाली आणि त्यानंतर तो गप्पच झाला. इटलीत गटाला नेणारा सहलप्रमुख वेगळा आणि स्थळाची माहिती सांगणारा परवानाधारक गाइड वेगळा. परीक्षा देऊन परवाना मिळवल्याशिवाय हे काम करता येत नाही, आणि डिसेंबर 2023 च्या कायद्याने तर गाइडांची राष्ट्रीय यादीच ठरवली आहे. आमच्यासाठी परवानाधारक गाइड ठेवलेलाच नव्हता. पुढचा वेळ आम्ही पन्नास माणसं एका मुक्या झेंड्यामागून चालत होतो.

एकूण किती वेळ? आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक तास पाच मिनिटं. हे मी आठवणीने सांगत नाही, फोनमधल्या फोटोंच्या वेळा आहेत. पोम्पेईची जागा सुमारे 66 हेक्टर आहे, त्यातला दोनतृतीयांश भाग उघडा झाला आहे. तासाभरात आम्ही फोरम पाहिलं, धान्यकोठारातले माणसांचे प्लॅस्टरचे साचे जाळीतून पाहिले. राखेत विरलेल्या देहांच्या पोकळीत प्लॅस्टर ओतायची ही पद्धत फिओरेल्लीने 1863 मध्ये सुरू केली, हे आईला बाबांनीच सांगितलं. रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि पलीकडे जायला ठेवलेले उंच दगड पाहिले. मग 'बसकडे चला'. बाबांना बघायचं होतं ते मूर्तीचं घर ज्या मोठ्या रस्त्यावर आहे, तो रस्ता फोरमपासूनच सुरू होतो. वीस मिनिटं मिळाली असती तर जाऊन येता आलं असतं. बाबांनी विनंती केली. उत्तर आलं, "ड्रायव्हरचे तास संपतील." युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती द्यावी लागते आणि दिवसात साधारणपणे नऊच तास चालवता येतं, हा नियम चांगलाच आहे. पण तो त्या दिवशी सकाळी जन्मला नव्हता. सहल आखणाऱ्याला तो माहीत होता आणि दुकानात सव्वा तास बसवताना तो कुणाला आठवला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढ्या लांबून येतो आणि त्याला दारातून परत फिरवलं जातं, याचा मला आजही संताप येतो.

जेवण म्हणजे एक पिझ्झा, पाण्याचे पैसे वेगळे. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता किनारा. बस सोरेंतो गावाच्या अलीकडे घाटातल्या एका वळणावर थांबली. "अमाल्फी कोस्ट! वीस मिनिटं, फोटो काढा." समोर सुंदर समुद्र होता, खाली कड्यावर वसलेलं गाव होतं आणि पाण्यापलीकडे व्हेसुव्हियस उभा होता. हीच खूण लक्षात ठेवा: समुद्रापलीकडे व्हेसुव्हियस दिसत असेल, तर तुम्ही नेपल्सच्या उपसागराच्या बाजूला आहात. अमाल्फी किनारा डोंगररांगेच्या पलीकडे, दक्षिणेला, सालेर्नोच्या उपसागरावर आहे. सोरेंतो छानच आहे, पण ते अमाल्फी किनाऱ्यावर नाही. पोसितानोचं विचारलं तर सांगण्यात आलं की मोठ्या बसला तिकडे परवानगी नाही. खरंच नाही. तो किनाऱ्याचा रस्ता अतिशय अरुंद आहे आणि 10.36 मीटरपेक्षा लांब बसना तिथे मनाई आहे. पन्नास माणसांची बस त्याहून लांबच असते. म्हणजे ज्या दिवशी पोसितानोचा फोटो छापून आम्हाला सहल विकली, त्याच दिवशी विकणाऱ्याला माहीत होतं की ही बस तिथे जाणार नाही. ऐनवेळी काही बिघडलं, वाहतूक कोंडी झाली, पाऊस आला, असं काही घडलेलं नाही. म्हणूनच मी याला गैरसोय म्हणत नाही, फसवणूक म्हणते. उरलेला वेळ सोरेंतोत लिंबाच्या दारूच्या दुकानात गेला.

परत आल्यावर एजंट आधी म्हणाला, ती तिकडच्या कंपनीची जबाबदारी. मग पुढच्या सहलीत सूट देऊ केली. युरोपातला पॅकेज सहलींचा कायदा 24 तासांपेक्षा कमी आणि रात्रीचा मुक्काम नसलेल्या सहलीला लागू होत नाही, त्यामुळे तिकडून त्या कायद्याचा आधार मिळत नाही. पण पैसे पुण्यात घेतले होते. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, फुकट आहे.

तुम्ही अशी सहल घेणारच असाल, तर एजंटाकडून काही गोष्टी फोनवर नाही, लेखी घ्या. पोम्पेईच्या दारातून आत शिरल्यावर किती तास, गाइडचा परवाना क्रमांक काय, वाटेत कुठल्या दुकानांत थांबणार, बस किती आसनी आणि पोसितानोत पाय ठेवायला मिळणार की लांबून दाखवणार. नोव्हेंबर 2024 पासून पोम्पेईचं तिकीट नावानिशी दिलं जातं आणि दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे, त्यामुळे 'तिकिटाचं बसमध्ये बघू' हे उत्तर मान्य करू नका. तिकीट स्वतः अधिकृत संकेतस्थळावर काढता येतं. तारीख पहिला रविवार आहे का, तेही कॅलेंडरमध्ये बघा.

खरं तर बसची गरजच नाही. रोमहून वेगवान रेल्वेने नेपल्स सव्वा तासाच्या आत येतं. तिथे स्टेशनखालून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल पकडा, 'पोम्पेई स्काव्ही, व्हिल्ला देई मिस्तेरी' स्टेशनला उतरा, पोर्ता मारिना हे प्रवेशद्वार तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. लोकलमध्ये खिसे सांभाळा. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तो वार टाळा. अमाल्फीला वेगळा दिवस ठेवा आणि उन्हाळी हंगाम असेल तर सालेर्नोहून बोटीने जा, घाटाचा त्रासही वाचतो.

आम्ही एजंटाला नोटीस पाठवली, सोबत पत्रक, फोनवरच्या फोटोंच्या वेळा आणि शून्य किमतीची तिकिटं जोडली. त्यानंतर तो अर्धी रक्कम द्यायला तयार झाला, अट एवढीच की कुठे लिहायचं नाही. ती अट आम्ही नाकारली आणि जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे.