टेस्टमधले डुप्लिकेट हेल्पर: कॉनफ्टेस्टमध्ये की वेगळ्या मॉड्यूलमध्ये?

पायटेस्टच्या (पायथन कोडच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलच्या) प्रोजेक्टमध्ये एकच हेल्पर, म्हणजे टेस्टना लागणारं छोटं फंक्शन, चार फायलींत कॉपी झाला असेल, तर तो हलवायला दोन जागा आहेत: कॉनफ्टेस्ट (conftest.py, पायटेस्ट आपणहून वाचतं ती फाइल) किंवा साधं मॉड्यूल, म्हणजे नेहमीची पायथन फाइल. कॉनफ्टेस्टमध्ये फिक्स्चर (टेस्टला लागणारी गोष्ट तयार करून देणारं फंक्शन) केलं तर इम्पोर्ट लागत नाही, आणि टेस्ट संपल्यावरची, म्हणजे फिक्स्चरमधल्या यील्डनंतरची साफसफाईही तिथेच उरकते. डेटाबेस कनेक्शनसारख्या गोष्टींना हेच बरं. पण फिक्स्चर आलं कुठून, हे टेस्ट वाचून कळत नाही. फोल्डरागणिक कॉनफ्टेस्ट असेल तर शोधाशोध ठरलेलीच.

साधं मॉड्यूल इम्पोर्ट केलं की सगळं समोर दिसतं. नुसता डेटा बनवणाऱ्या फंक्शनचं मी तरी फिक्स्चर करणार नाही. एक खोच आहे: अशा मॉड्यूलमधला असर्ट (अपेक्षा खरी आहे का हे तपासणारी ओळ) फेल झाला, तर पायटेस्ट दोन्ही बाजूंच्या व्हॅल्यू उलगडून दाखवत नाही. त्यासाठी ते मॉड्यूल इम्पोर्ट होण्याआधी, शक्यतो कॉनफ्टेस्टमध्ये, पायटेस्टचं रजिस्टर_असर्ट_रीराइट (register_assert_rewrite) हे फंक्शन कॉल करावं लागतं.