थांबण्याची कळ: ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ सात महिने खेळल्यानंतर

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरची ‘एस’ची कळ निकामी झाली, आणि त्याला सर्वस्वी १९८१ सालचा एक खेळ कारणीभूत आहे. माझे रोजचे काम मराठी मजकूर टंकित करण्याचे आहे. इनस्क्रिप्ट पद्धतीत ‘एस’च्या कळीवर एकाराची मात्रा असते, त्यामुळे त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ‘आहे’चे ‘आह’ होऊ लागले आणि ‘केले’चे ‘कल’. मात्रेवाचून मराठीचे एक वाक्यही धड उभे राहत नाही, हे इतकी वर्षे टंकलेखन करूनही मला कधी जाणवले नव्हते. दुरुस्तीचा हा सगळा मनस्ताप झाल्यानंतरही मी तो खेळ बंद केलेला नाही, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ हे नाव ऐकले की बहुतेकांना १९९२ सालचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आठवतो. माझेही तसेच होते. सांगलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ वळली की मुले फ्लॉपीवरून तो खेळ सुरू करत, आणि निळ्या भिंतींच्या त्या दालनांतून दिसेल त्याला गोळ्या घालत सुटत. त्या नावाच्या मागे अकरा वर्षे आधीचा, पूर्णपणे वेगळ्या स्वभावाचा एक मूळ खेळ आहे, हे मला थेट गेल्या वर्षी कळले. बाल्टिमोर शहरातल्या ‘म्यूझ सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीसाठी सायलस वॉर्नर यांनी तो ‘अ‍ॅपल टू’ संगणकावर लिहिला. आर्केडमधल्या ‘बर्झर्क’ या यंत्रमानवांच्या खेळातली भूलभुलैयाची रचना त्यांना आवडली होती. यंत्रमानवांच्या जागी नाझी पहारेकरी आणि भूलभुलैयाच्या जागी किल्ला ही कल्पना त्यांना महायुद्धावरचा एक चित्रपट पाहून सुचली. यंत्राची क्षमता, मेमरी, रंगांची मर्यादा हे सगळे अशा खेळांच्या वाचकांना ठाऊक असते, तेव्हा त्यावर जागा खर्च करत नाही.

आता ‘एस’कडे येते. या खेळात चालण्यासाठी कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या नऊ कळी आहेत. मधोमध ‘एस’ आणि तिच्याभोवती आठ दिशांच्या आठ कळी. उजव्या बाजूला तशाच नऊ कळी पिस्तूल रोखण्यासाठी, आणि त्यांच्या मधोमध गोळी झाडण्याची ‘एल’. एकदा दिशा दिली की आपला खेळाडू, म्हणजे नाझींच्या किल्ल्यात अडकलेला कैदी, चालू लागतो आणि चालतच राहतो. आजच्या खेळांत कळीवरचे बोट उचलले की माणूस उभा राहतो. येथे त्याला मुद्दाम थांबवावे लागते, आणि ते काम फक्त ‘एस’ करते. थांबवायला विसरलो तर तो भिंतीवर आदळतो, सगळे चित्र विसकटते, कर्कश खरखर होते आणि काही क्षण हातपाय बांधल्यासारखी अवस्था होते. त्या काही क्षणांत पहारेकरी जवळ पोहोचतो. साहजिकच सात महिने मी सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत जास्त जोराने दाबलेली कळ हीच होती.

सुरुवातीला या रचनेचा मला अतिशय राग आला होता. पहिल्या महिन्यात मी एका वहीत नोंदी ठेवत होते, आणि त्यांत ‘चालणे सदोष, खेळ न खेळण्याजोगा’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे. त्याखालची दुसरी तक्रार पेट्यांविषयी आहे. किल्ल्याच्या पाच मजल्यांवर मिळून साठेक खोल्या आहेत, आणि खोल्यांत कुलूपबंद पेट्या आहेत. त्यांपैकी एखाद्या पेटीत युद्धाच्या गुप्त योजना असतात. त्या शोधून किल्ल्याबाहेर निसटणे हा खेळाचा हेतू. योजनांशिवाय पळून जाता येते, पण मग बढती मिळत नाही. कुलूप उघडायला वेळ लागतो, आणि तो वेळ खरोखरचा असतो. आपण पेटीपाशी उभे आणि पडद्याच्या तळाशी उरलेल्या वेळेचा आकडा सावकाश उतरतो आहे. कधी चटकन उघडते, कधी चहा निवून जाईपर्यंत उघडत नाही. एवढे थांबून आत सॉसेज, सॉअरक्राऊट (आंबवलेली कोबी) किंवा निव्वळ रिकामी जागा निघाली की चिडचिड होते. एखाद्या पेटीत श्नाप्सची बाटली निघते, आणि ती प्यायल्यावर काही काळ नेम चुकत राहतो. पेटीवर गोळी झाडली तर कुलूप लवकर उघडते हे खरे, पण आत दारूगोळा असला तर पेटीबरोबर आपणही संपतो.

त्या नोंदींवर आज मी सही करणार नाही. मत बदलण्याचे कारण खेळाने दिले नाही, मोडलेल्या कळीने दिले.

कळ बिघडली तेव्हा मी आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. तेथील मुलाने कळ दोनदा दाबून पाहिली आणि ‘मॅडम, एकच कळ बदलून मिळत नाही, वरचे पूर्ण पॅनेल बदलावे लागेल’ असे सांगून ६,८०० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. चार वर्षे वापरलेल्या यंत्राच्या एका कळीसाठी एवढी रक्कम मोजणे मला पटले नाही, आणि मी ते तेथेच स्पष्ट सांगितले. कळीखाली नेमके काय तुटले आहे, हे उघडून पाहायलाही त्यांनी नकार दिला. तपासणीचे म्हणून ३५० रुपये मात्र घेतले. जी तपासणी झालीच नाही, तिची पावती माझ्याकडे अजून आहे.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कार्यालयातून आणलेल्या जुन्या कीबोर्डवर काम भागवले. तो कीबोर्ड संध्याकाळी परत ठेवावा लागे, म्हणून रात्री खेळताना मात्र लॅपटॉपचीच मोडकी कळ होती. कळींची अदलाबदल करण्याची सोय खेळात नाही. थांबायचे असेल तर भिंतीवर आदळणे, एवढाच मार्ग उरला. पेटीपाशी उभे राहता येईना, कारण पेटीशेजारी सोयीची भिंत असेलच असे नाही. पहारेकऱ्याला पिस्तूल दाखवून हात वर करायला लावावे, मग शांतपणे जवळ जाऊन त्याच्या खिशांतून गोळ्या, हातबॉम्ब, किल्ल्या, कधी नशीब असेल तर गोळीरोधक जाकीट काढून घ्यावे, हा या खेळातला सर्वांत देखणा प्रकार. तोही अशक्य झाला, कारण झडती घ्यायला थांबावे लागते. उरले ते फक्त पळणे आणि गोळ्या झाडणे. त्या अकरा रात्री मी नकळत क्लासमधल्या मुलांसारखी खेळत होते, आणि तिसऱ्या खोलीच्या पुढे एकदाही गेले नाही.

म्हणजे मी ज्याला दोष समजत होते, त्याच कळीवर हा खेळ उभा आहे. वॉर्नर यांनी चालण्यापेक्षा थांबणे महत्त्वाचे केले. दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी थांबावे, पहारेकऱ्याची फेरी पाहावी, त्याची पाठ फिरली की निघावे आणि पुन्हा थांबावे. पेटीपुढची प्रतीक्षासुद्धा त्याच जातीची आहे. आकडा उतरत असताना करण्यासारखे काहीच नसते, म्हणून कान दारांकडे लागतात. पहारेकरी आपापल्या खोल्यांत राहतात. एसएसचे, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाचे, सैनिक मात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माग काढत येतात. पेटीचा आकडा एकेरीत आलेला असताना दारातून छातीवर ‘एसएस’ अक्षरे असलेली आकृती आत शिरली, की उठून पळावे की उरलेले काही क्षण रेटावेत, हा निर्णय मला आजवर एकदाही सोपा गेलेला नाही.

येथे १९९२ च्या खेळाची एक हकीकत सांगणे भाग आहे. ‘म्यूझ’ कंपनी १९८७ साली बंद पडली, आणि पुढे ‘इड सॉफ्टवेअर’च्या तरुणांनी ते नाव विकत घेतले. त्यांचे या जुन्या खेळावर मनापासून प्रेम होते, आणि मृत पहारेकऱ्यांना ओढून लपवणे, गणवेश बदलणे अशा गोष्टी आपल्या खेळात आणण्याचा त्यांचा विचारही होता. पण त्यांमुळे वेग मंदावतो असे दिसल्यावर त्यांनी त्या काढून टाकल्या. त्यांचा खेळ जगभर गाजला, आणि मूळचा विस्मरणात गेला. त्यांचा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होता, हे मी नाकारत नाही. मला वाईट वाटते ते एवढ्याचसाठी की नाव पुढे गेले आणि ज्या गुणामुळे ते नाव त्यांना हवेसे वाटले, तोच गुण मागे राहिला.

गणवेशाविषयी थोडे अधिक. गणवेश सापडला की साधे पहारेकरी आपल्याला त्यांच्यातलाच समजतात. एसएसचे सैनिक फसत नाहीत. गणवेश अंगावर असताना मी पहिल्यांदा भरलेल्या खोलीतून सावकाश चालत गेले, तेव्हा तीन पहारेकऱ्यांपैकी कोणीही हटकले नाही, आणि दारापर्यंतची ती सात-आठ पावले मी श्वास रोखून टाकली. यात काल्पनिक असे फारसे नाही. सॅक्सनीमधल्या कोल्डित्झच्या किल्ल्यात जर्मनांनी दोस्त राष्ट्रांच्या युद्धकैदी अधिकाऱ्यांना ठेवले होते. तेथून जानेवारी १९४२ मध्ये एअरी नीव्ह हे ब्रिटिश आणि टोनी लुटाइन हे डच अधिकारी जर्मन अधिकाऱ्यांच्या बनावट गणवेशात पहारेकऱ्यांसमोरून चालत बाहेर पडले आणि स्वित्झर्लंडला पोहोचले. तेथेही पळण्याचा मोह आवरणे, हेच सगळ्यांत कठीण गेले असणार.

आवाजाविषयी न लिहिता पुढे जाणे अन्यायाचे होईल. ‘अ‍ॅपल टू’च्या स्पीकरला टक् असा आवाज काढण्यापलीकडे फारसे काही येत नाही. हे टक् टक् अतिवेगाने एकापुढे एक जोडून वॉर्नर यांनी त्यातून माणसाचा आवाज काढला. पहारेकऱ्यांची जर्मन वाक्ये त्यांनी स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली होती. परिणामी ‘हाल्ट!’ आणि ‘अख्टुंग!’ हे शब्द पत्र्याच्या डब्यातून कोणी ओरडावे तसे येतात, अर्धे समजतात, अर्धे समजत नाहीत. रात्री दिवा मालवून हेडफोन लावून खेळताना या खरखरीत आवाजाने मी जितकी दचकले आहे, तितकी कोट्यवधी खर्चून केलेल्या आधुनिक खेळांनी दचकले नाही. माझ्या मुलाने एकदा शेजारच्या खोलीतून येऊन ‘आई, रेडिओ बिघडला का?’ असे विचारले होते.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. नेम धरण्याच्या नऊ कळी आणि चालण्याच्या नऊ कळी एकाच वेळी सांभाळणे पहिले दोन आठवडे अक्षरशः हाताबाहेरचे वाटते. नवा किल्ला तयार होताना खोल्यांची मांडणी कधीकधी अशी येते की सुरुवातीलाच कोंडी होते. मग हातबॉम्बने भिंत उडवण्यावाचून गत्यंतर नसते आणि त्या स्फोटाने सगळी खोली जागी होते. चित्रे इतकी साधी आहेत की माझ्या बहिणीने दोन मिनिटे पाहून तोंड फिरवले.

खेळायचा कसा, हे सांगते, कारण त्यात मी एकदा पोळले आहे. काही संकेतस्थळांवर हा खेळ ब्राउझरच्या पानातच सुरू होतो, आणि चव घेण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र मूळ खेळ आपली प्रगती फ्लॉपीवर लिहितो, आणि अशा पानात ती फ्लॉपी आभासी असते. पान बंद झाले की तीही गेली. तिसऱ्या महिन्यात दोन तास खर्चून मिळवलेल्या योजना हाती असताना वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, आणि सगळे पुसले गेले. त्यानंतर मी ‘अ‍ॅपलविन’ हा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या ‘अ‍ॅपल टू’ची नक्कल करणारा प्रोग्राम, बसवला. त्यात फ्लॉपीची प्रत आपल्याच यंत्रावर राहते. एकही रुपया लागत नाही.

‘बियॉन्ड कॅसल वुल्फेन्स्टाइन’ हा १९८४ चा उत्तरार्धही मी तीन आठवडे खेळले. त्यात बर्लिनमधल्या भूमिगत बंकरमध्ये बॉम्ब ठेवून हिटलरला मारायचे असते. १९४४ च्या जुलै महिन्यातल्या खऱ्या कटाची ती सावली आहे. पासेस, लाच, आवाज न करता मारण्यासाठी खंजीर अशी भर त्यात आहे. खेळ चांगला आहे. पण खंजीर हाती आल्यापासून मी कमी थांबू लागले, आणि पुन्हा पहिल्याकडे वळले.

कळ अखेर कशी दुरुस्त झाली, ते सांगायचे राहिले. बस स्थानकामागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी चिमट्याने ‘एस’ची टोपी अलगद उचलली आणि खालची फाटलेली रबराची इवलीशी वाटी मला दाखवली. ती डाळीच्या दाण्याएवढी होती. मग कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेन्यूच्या कळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘ताई, ही कळ तुम्ही कधी वापरता का?’ मी नाही म्हटले. त्यांनी त्या कळीखालची वाटी काढून ‘एस’खाली बसवली, चार वेळा दाबून पाहिली, आणि दीडशे रुपये घेतले. पाच मिनिटांचे काम होते. ‘आहे’ पुन्हा ‘आहे’ झाले.

त्याच रात्री मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका पेटीत योजना शोधल्या, आणि पहाटे दोनच्या सुमारास त्या घेऊन किल्ल्याबाहेर पडले. प्रायव्हेटपासून फील्ड मार्शलपर्यंतच्या पायऱ्यांपैकी मी सध्या सार्जंटपर्यंत पोहोचले आहे. ‘एस’ आता थोडी हलक्या हाताने दाबते.