तीन ड्रायव्हर, त्यातला एक मुका

मला स्पीकर हवे होते ते एवढ्यासाठीच, की माणूस समोर बसून बोलतोय असं वाटावं. विक्रेत्याला मी हे बोलून दाखवलं आणि त्याला माझी दुखरी नस सापडली.

त्याने दोन जोड्या शेजारी मांडल्या. बटण दाबून दुसरी लावली की संगीतात जीव आल्यासारखं व्हायचं. आज कळतंय, ती जरा मोठ्याने वाजत होती, एवढंच. एक-दोन डेसिबलचा फरक कानाला बऱ्याचदा 'मोठा' वाटत नाही, 'स्वच्छ' आणि 'भरीव' वाटतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, 3 डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. म्हणजे व्हॉल्यूम न हलवता एक जोडी दुसरीवर सहज मात करते. वर बास-ट्रेबल चढवलेले, आणि लावलेला तुकडा नुसत्या ढोल-झांजांचा. माणसाचा गळा त्यात नव्हताच. खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला, भलामोठा आकडा होता; आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारी खरी पॉवर, कुठेच नाही. तेव्हाच खटकायला हवं होतं!

ती दुसरी जोडी घेऊन आलो आणि घरी वडिलांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तो आवाज मला पाठ आहे. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा आला, प्रत्येक 'स' कानात टोचत होता. आधी खोलीलाच दोष दिला, कारण कोपऱ्यातला स्पीकर घुमतो. भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, ट्वीटर (बारीक, तार आवाज काढणारे छोटे ड्रायव्हर) कानाच्या उंचीला आणले. घुमणं कमी झालं, पण वडिलांचा आवाज काही सापडला नाही.

शेवटी वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या ड्रायव्हरचे, स्क्रू काढून आत टॉर्च मारला. स्पीकरमधले आवाज काढणारे घटक म्हणजे ड्रायव्हर; तिघांतल्या मधल्या ड्रायव्हरला वायरच जोडलेली नव्हती. क्रॉसओव्हरच्या (प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या वाट्याचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) नावाखाली ट्वीटरला डकवलेला एकच कपॅसिटर. आणि तळाशी, उचलताना माल वजनदार वाटावा म्हणून, सिमेंटचा ठोकळा चिकटवलेला. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: खोललेला माल परत घेत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, घ्यायला जाताना ओळखीच्या माणसाचं साधं बोलणं रेकॉर्ड करून न्या. टोन कंट्रोल (बास-ट्रेबलची बटणं) शून्यावर आणायला लावा. फोनवरच्या डेसिबल मीटरने दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या आणि कुठली वाजतेय ते न पाहता ऐका. कॅनडात ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी 1980 च्या दशकात अशाच, स्पीकर न दाखवता चाचण्या घेतल्या, तेव्हा लोकांनी पसंत केले ते सपाट रिस्पॉन्सचे, म्हणजे कुठलाही स्वर न चढवता-उतरवता वाजवणारे, स्पीकर. विक्रेता यातल्या कशालाही नाही म्हणाला, तर पाकीट न काढता उठून या.